रेकॉर्डर सुरू करण्याआधी: आपल्या समाजाचं ज्ञान नोंदवायचं तर

१९८७ साली केरळमधल्या अगस्त्य टेकड्यांत शास्त्रज्ञांचं एक पथक चढ चढत होतं. शास्त्रज्ञांना धाप लागलेली, आणि वाट दाखवायला आलेली काणी समाजाची माणसं मात्र ताजीतवानी. मधूनमधून ती कसली तरी फळं तोंडात टाकत होती. शास्त्रज्ञांनीही खाऊन पाहिली, अंगात तरतरी आली आणि प्रश्न आलाच: हे झाड कुठलं? वाटाड्यांनी आधी सांगायचं टाळलं. ही समाजाबाहेर सांगायची गोष्ट नाही, असं त्यांचं म्हणणं. बरीच मनधरणी झाल्यावर त्यांनी आरोग्यपच्चा ही वनस्पती दाखवली.

त्या वनस्पतीपासून ‘जीवनी’ नावाचं औषध तयार झालं. १९९५ मध्ये ते बनवायचा परवाना १० लाख रुपये आणि विक्रीवर २ टक्के या बोलीवर एका औषध कंपनीला दिला गेला. त्यातला निम्मा वाटा काणींना द्यायचं औषध शोधणाऱ्या संशोधन संस्थेने ठरवलं. जगभर या उदाहरणाचं कौतुक झालं आणि ते रास्तच होतं. तोवर अशा प्रसंगी आदिवासींना क्वचितच कुणी वाटा देई. पण पैसे घ्यायला काणींची एकत्र अशी संस्थाच नव्हती. त्यांचा ट्रस्ट नोंदला गेला १९९७ मध्ये, म्हणजे त्या चढावरच्या बोलण्याला दहा वर्षं झाल्यावर. काणींच्या वस्त्या विखुरलेल्या. आम्हाला कुणी विचारलंच नाही, असं काहींनी म्हटलं. पानं गोळा करायची वेळ आली तेव्हा वनखात्याची हरकत आडवी आली.

या गोष्टीत लबाड असं कुणी नाही, म्हणूनच ती पहिली सांगितली. हेतू चांगले होते, कामांचा क्रम चुकला होता. पुढे जे लिहिलंय ते या क्रमाबद्दल आहे. आपल्या आजीआजोबांचं ज्ञान लिहून ठेवावं असं वाटणाऱ्या आदिवासी तरुण-तरुणींसाठी ते आहे, आणि वही-रेकॉर्डर घेऊन बाहेरून येणाऱ्या अभ्यासकांसाठीही. दोघांचं काम सारखं दिसतं, जोखीम मात्र सारखी नसते.

पायरी १: लिहायचं कशासाठी, हे आधी ठरवा

‘म्हातारी माणसं चाललीत, लवकर लिहून घ्या’ ही घाई खरी आहे. पण लिहिण्याचे हेतू अनेक असतात आणि प्रत्येक हेतूला वेगळी वही लागते. घरातल्या मुलांना शिकवायचंय? जमिनीवरचा किंवा जंगलावरचा दावा सिद्ध करायचाय? दुसऱ्याने पेटंट घेऊ नये म्हणून पुरावा हवाय? की यातून काही विकायचंय? सगळं एकाच वहीत घातलं की सगळ्यात उघड्या हेतूचा नियम सगळ्यांना लागू होतो.

इथे हळदीचं उदाहरण हमखास निघतं. जखम बरी करण्यासाठी हळद वापरण्यावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिलं गेलं. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआर या भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते; परिषदेने जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ सालचा एक वैद्यकीय लेख पुढे ठेवला आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. कडुनिंबाच्या तेलावरचं युरोपातलं पेटंट १९९४ मध्ये दिलं गेलं होतं. ते २००० मध्ये रद्द झालं आणि त्यावरचं अपील निकालात निघायला २००५ उजाडलं. या दोन लढायांमधून लोकांनी धडा घेतला की लिहिलेलं असेल तर वाचतं.

धडा अर्धाच आहे. हळद घराघरात होती. ती जगजाहीर असल्याचं दाखवण्यातच जिंकणं होतं. एखाद्या पाड्यावरच्या तीन वैदूंनाच ठाऊक असलेल्या मुळीचं तसं नाही. ती छापली की त्यावर जसंच्या तसं पेटंट मिळणं अवघड होतं हे खरं, पण त्याच क्षणी ती कुणालाही फुकट वापरता येते. त्यात थोडा फेरफार करून नव्या पेटंटचा अर्जही करता येतो. भारताचं परंपरागत ज्ञान डिजिटल ग्रंथालय २००१ पासून उभं राहिलं. ते आयुर्वेद, युनानी, सिद्ध अशा ग्रंथांत आधीच लिहिलेल्या गोष्टींवर उभं आहे, आणि पेटंट कार्यालयांनाही ते गुप्ततेच्या करारावर पाहायला मिळतं. सरकारी ग्रंथालय ग्रंथांतल्या ज्ञानाबाबत एवढं सावध असेल, तर तोंडी ज्ञान नोंदवणाऱ्याने ते सरळ यूट्यूबवर का टाकावं?

पायरी २: ‘नाही’ म्हणायचा अधिकार कुणाचा, ते शोधा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा, आणि नेमकी हीच पायरी सगळे उडी मारून ओलांडतात. ज्याला माहिती आहे, ज्याला बोलायचा मान आहे आणि ज्याला विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही, ही बरेचदा तीन वेगळी माणसं असतात. सुईणीचं ज्ञान सुईणीकडे असतं, पण गावातर्फे कागदावर सही सरपंच करतो. गाणं एका कुळाचं, पण ते उत्तम गाणारी बाई लग्न होऊन दुसऱ्या कुळात आलेली.

म्हणून एक साधा तक्ता करा. डावीकडे विषय: बियाणं, औषधं, गाणी, जागांची नावं, शिकारीचे नियम, विणकामातली नक्षी. प्रत्येकापुढे चार रकाने: कोण जाणतं, कोण सांगू शकतं, कुणाला विचारावं लागतं, आणि हेच ज्ञान शेजारच्या कुठल्या समाजाकडेही आहे. चौथा रकाना नंतर भरू म्हणून सोडू नका. आफ्रिकेतले सान लोक दक्षिण आफ्रिका, नामिबिया, बोट्स्वाना अशा कितीतरी देशांत पसरलेले आहेत. भूक मारणाऱ्या हुडिया या वनस्पतीचं ज्ञान त्या सगळ्यांचं. एका देशातल्या सानांनी एकट्याने करार करायचा की नाही, हा प्रश्न त्यांना खरोखर सोडवावा लागला.

कायदा आणि रूढी यांचं इथे नेहमी जमतंच असं नाही. ऑस्ट्रेलियात १९९८ मध्ये एका खटल्याचा निकाल लागला. गनलबिंगू समाजातले चित्रकार जॉन बुलुन बुलुन यांचं चित्र न विचारता छापलेलं कापड एका कंपनीने आयात करून विकलं होतं. न्यायालयाने म्हटलं की कॉपीराइट चित्रकाराचा आहे, समाज त्याचा सहमालक ठरत नाही. पण चित्रात समाजाचं पवित्र ज्ञान असल्याने ते जपण्याची विश्वस्तासारखी जबाबदारी चित्रकारावर आहे. आपल्याकडेही ही मांडणी उपयोगी पडते: सांगणारा मालक असो वा नसो, तो राखणदार नक्की असतो.

तक्ता झाला की बैठक. पहिल्या बैठकीत निर्णय घ्यायचाच नाही, हे आधी जाहीर करा. लोकांना घरी जाऊन बोलू द्या. बायकांची वेगळी बैठक घ्या, नाहीतर त्या मुख्य बैठकीत मागे बसून ऐकतात आणि नंतर ओट्यावर खरं मत सांगतात. बोलणं आपल्या भाषेत होऊ द्या. पाहुण्यांसाठी भाषांतर होईल, उलट नको. इतिवृत्तात नकारही लिहा, कुणी आणि का दिला ते. पाच वर्षांनी कुणी ‘तेव्हा सगळे तयार होते’ म्हणालं, तर ती ओळ कामाला येते.

आंतरराष्ट्रीय भाषेत याला मुक्त, पूर्व आणि माहितीपूर्ण संमती म्हणतात. या तिघांत ‘पूर्व’, म्हणजे काम सुरू होण्याआधी, या शब्दाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होतं. निधी मंजूर झालाय, गाडी दारात उभी आहे, विद्यार्थ्याची मुदत संपत आलीय. मग घेतली जाते ती संमती सोपस्कारापुरती.

पायरी ३: तीन ढीग करा

आता विषयवार ठरवा: काय सगळ्यांना सांगायचं, काय समाजातच ठेवायचं आणि काय नोंदवायचंच नाही.

पेरूने २००२ च्या कायद्यात जवळपास अशीच रचना केली. तिथे आदिवासींच्या सामूहिक ज्ञानाच्या नोंदवह्या तीन प्रकारच्या आहेत: एक सार्वजनिक, एक गोपनीय (ती बाहेरच्या कुणालाही पाहता येत नाही) आणि तिसरी स्थानिक, जी समाज आपल्या रूढीप्रमाणे स्वतःकडे ठेवतो. तुमच्या देशात असा कायदा नसला तरी घरच्या कपाटात ही विभागणी करायला कुणाची परवानगी लागत नाही.

डिजिटल नोंदींसाठी तयार साधनंही आहेत. ऑस्ट्रेलियातल्या टेनंट क्रीकच्या वारुमुंगू लोकांबरोबर ‘मुकुर्तु’ हे मोफत सॉफ्टवेअर घडलं. पवित्र वस्तू ठेवायच्या पिशवीला ते लोक मुकुर्तु म्हणतात. बाई, पुरुष, कूळ, नातं यांनुसार कुणाला काय दिसावं हे त्यात ठरवता येतं. ‘लोकल कॉन्टेक्स्ट्स’ या उपक्रमाने परंपरागत ज्ञानासाठी लेबलं बनवली आहेत: हे ठरावीक ऋतूतच ऐकावं, हे फक्त बायकांसाठी, याचा धंदा करू नये, आमचं नाव घ्यावं. लेबल म्हणजे कायदा नव्हे, कुणाला कोर्टात खेचता येत नाही. पण नंतर ‘आम्हाला माहीतच नव्हतं’ ही सबब मात्र राहत नाही.

तिसऱ्या ढिगाबद्दल थोडं जास्त. न नोंदवणं म्हणजे हरवू देणं, असं नोंदी करणाऱ्यांना वाटतं. मलाही वाटायचं. पण मधला मार्ग असतो. ‘सर्पदंशावरचं औषध अमुक घराण्यात आहे, ते शिकायचं तर मावशींकडे पावसाळ्यात जाऊन राहावं लागतं’ एवढंच लिहा. झाडाचं नाव नाही, प्रमाण नाही, मंत्र नाही. शिकणाऱ्याला वाट मिळते, चोराला मिळत नाही.

आणि फोनच्या कॅमेऱ्यातली ठिकाणाची नोंद बंद करा. झाडाचं नाव लपवून फोटो टाकला आणि फोटोतच त्या जागेचे अक्षांश-रेखांश गेले, असं सर्रास होतं. पवित्र जागा आणि दुर्मिळ वनस्पती यांच्याबाबतीत तर नकाशावर ठिपका द्यायचाच नाही. मोठ्या भागाला रंग द्या, पुरे.

पायरी ४: संमतीचा कागद

अमेरिकेत ग्रँड कॅन्यनच्या तळाशी राहणाऱ्या हावासुपाई लोकांनी १९९० पासून ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांना रक्ताचे नमुने दिले. समाजात मधुमेह फार, त्याचं कारण कळेल ही आशा. पुढे कळलं की तेच नमुने स्किझोफ्रेनियाच्या आणि त्यांचे पूर्वज कुठून आले याच्या अभ्यासालाही वापरले गेले. आपण याच दरीतून जन्मलो असं सांगणाऱ्या लोकांना संशोधक तुम्ही आशियातून आलात असं सांगत होते, तेही त्यांच्याच रक्ताच्या आधारे. खटला झाला. २०१० मध्ये विद्यापीठाने ४१ जणांना मिळून ७ लाख डॉलर दिले आणि उरलेले नमुने परत केले. संमतीच्या कागदावर सह्या होत्या, पण शब्द इतके सैल होते की त्यांत काहीही बसलं असतं.

तेव्हा कागदात निदान एवढं नेमकं हवं:

– काम कशासाठी, आणि त्यापलीकडे वापरायचं तर पुन्हा येऊन विचारावं लागेल.
– मूळ ध्वनिमुद्रण कुणाच्या मालकीचं. बऱ्याच देशांत मुद्रण करणारा आपोआप त्याचा हक्कदार ठरतो, म्हणून हे लिहून उलटवावं लागतं.
– प्रत कुठे राहील, कुणाला मिळेल, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या (एआय) मॉडेलना शिकवायला ती देता येईल का.
– छापण्याआधी मजकूर समाजाला दाखवायचा, किती दिवस आधी, आणि हरकत आली तर काय करायचं.
– संमती मागे घेता येते, आणि घेतली तर प्रत्यक्षात काय पुसलं जाईल, काय पुसता येणार नाही.
– नाव घालायचं की नाही. काहींना हवं असतं, काहींना अजिबात नको असतं.

कागद वाचून दाखवला की सही घेऊ नका. समोरच्याला म्हणा, आता तुम्ही मला समजावून सांगा काय ठरलं ते. जिथे तो अडखळेल ते कलम तुमचं वाईट लिहिलेलं आहे. सही न करता आवाजात दिलेली संमतीही चालते, साक्षीदार ठेवा.

बाहेरचे अभ्यासक आपलेच अर्ज घेऊन येतात. ते नाकारून स्वतःचा अर्ज पुढे करायला हरकत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांनी २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता जाहीर केली: आदर, प्रामाणिकपणा, न्याय, काळजी आणि योग्य रीत. अमेरिकेतल्या नावाहो या मूळनिवासी राष्ट्राने तर २००२ पासून आपल्या भूमीवर जनुकीय संशोधन थांबवूनच ठेवलं. नागोया करारात, म्हणजे जैविक साधनांच्या वापरातून होणारा लाभ वाटून घेण्याच्या २०१० च्या आंतरराष्ट्रीय करारात, समाजाच्या अशा नियमांची आणि रूढ कायद्याची दखल सरकारांनी घ्यावी असं म्हटलं आहे. दोन पानांत आपल्या भाषेत लिहा: आमच्याकडे कसं यावं, कुणाला भेटावं, काय विचारू नये.

पायरी ५: प्रत्यक्ष नोंद

हे त्या मानाने सोपं. बोलणाऱ्याच्या भाषेत मुद्रण करा आणि झाडाचं, माशाचं, वाऱ्याचं नाव त्याच्या तोंडून दोनदा म्हणवून घ्या. फाइलच्या नावात तारीख, विषय आणि ढीग क्रमांक असावा. प्रती तीन: एक गावात, एक समाजाने निवडलेल्या ठिकाणी, एक बाहेर कुलूपबंद. अभ्यासकाच्या वैयक्तिक क्लाउड खात्यावर एकुलती प्रत ठेवू नका. माणूस नोकरी बदलतो, पासवर्ड विसरतो.

कॅनडातल्या फर्स्ट नेशन्स या मूळनिवासी समाजांनी १९९८ मध्येच याची चार तत्त्वं ठरवली होती: मालकी, नियंत्रण, पाहण्याची मुभा आणि प्रत्यक्ष ताबा. शेवटचा मुद्दा सगळ्यात व्यवहारी आहे. हार्ड डिस्क ज्याच्या कपाटात, त्याच्याशी वाद घालणं कठीण जातं.

पायरी ६: पैसा आला तर

येतो तेव्हा उशिरा येतो, आणि अंदाजापेक्षा कमी येतो. हुडियाचं उदाहरण पुरेसं आहे. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी संशोधन संस्थेने हुडियावर पेटंट घेतलं आणि सानांना न विचारता हक्क पुढे एका ब्रिटिश कंपनीला, तिथून फायझरला गेले. ओरड झाल्यावर २००३ मध्ये करार झाला: संस्थेला मिळणाऱ्या रॉयल्टीतले ६ टक्के आणि टप्प्याटप्प्याने येणाऱ्या रकमांतले ८ टक्के सानांना. त्याच वर्षी फायझर बाहेर पडली. पुढे युनिलिव्हर आली, तीही २००८ मध्ये थांबली. बाजारात औषध आलं नाही तर रॉयल्टी कशाची?

याउलट दक्षिण आफ्रिकेतल्या रुईबोस चहाचं पाहा. २०१९ च्या करारात खोई आणि सान लोकांना शेताच्या बांधावरच्या किमतीवर दरवर्षी १.५ टक्के ठरले. टक्का छोटा दिसतो. पण चहा आधीच विकला जातोय, नफ्याची वाट पाहावी लागत नाही आणि हिशेब कच्च्या मालावर असल्याने कंपनीच्या ताळेबंदात तो हरवत नाही. वाटाघाटीला बसाल तेव्हा हे लक्षात ठेवा: शक्य असेल तर वाटा विक्रीवर किंवा कच्च्या मालावर मागा, काही रक्कम आधी मागा, आणि ‘नफ्यातला हिस्सा’ या शब्दांवर भाळू नका.

काही वेळा पैशाहून दुसरं काही मोलाचं असतं. पेरूत पिसाकजवळच्या केचुआ या मूळनिवासी लोकांच्या गावांनी ‘बटाट्याचं उद्यान’ उभं केलं आणि २००४ मध्ये लिमाच्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राशी करार केला. केंद्राने पूर्वी गोळा करून नेलेली, गावांतून नाहीशी झालेली बटाट्याची वाणं रोगमुक्त करून परत दिली. बियाणं परत, त्याची निगा राखायचं शिक्षण, आणि वाणांवर कुणी पेटंट घेणार नाही ही हमी, हे मला एखाद्या चेकपेक्षा मोठं वाटतं. न्यूझीलंडच्या न्गाती तोआ जमातीला ‘का माते’ या हाकाबाबत (हाका म्हणजे माओरींचं समूहनृत्य-गीत) २०१४ च्या कायद्याने मिळाला तो श्रेयाचा हक्क: रचना ते राउपराहा यांची, ते आमचे प्रमुख, हे सांगा.

वाटप कसं होणार ते पैसे येण्याआधी लिहून ठेवा. सांगणाऱ्या माणसाला काही वेगळं द्यायचं का? शेजारच्या समाजाला? विखुरलेल्या वस्त्यांना? रक्कम दिसल्यावर हा विषय काढला तर भावकी उठते. आणि काणींची पानं आठवा. ज्ञानावर हक्क मिळाला, पण जंगलातून पान तोडायचा हक्क नसेल तर कच्चा माल दुसराच कुणी पुरवतो. जमीन-जंगलाचा दावा प्रलंबित असेल तर तो आधी मार्गी लावा, औषधाचा करार थोडा थांबला तरी चालतो.

पायरी ७: कुठल्या दाराशी कुठला कायदा

संयुक्त राष्ट्रांचा आदिवासी हक्कांचा जाहीरनामा १३ सप्टेंबर २००७ रोजी १४४ मतांनी मंजूर झाला. विरोधात गेलेल्या अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या चारही देशांनी नंतर भूमिका बदलली. त्याचं ३१ वं कलम ज्ञानाबद्दल आहे. तो बंधनकारक नाही, पण विद्यापीठं आणि संग्रहालयं त्याला मान देतात, त्यामुळे पत्रात कलमाचा क्रमांक जरूर घाला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९८९ चा १६९ क्रमांकाचा करार बंधनकारक आहे, मात्र तो स्वीकारणारे देश मोजके. भारत त्यात नाही. जैवविविधता करार आणि नागोया करार यांचा उपयोग कंपन्यांशी बोलताना होतो, पण अमेरिका जैवविविधता कराराची सदस्यच नाही, हे विसरू नका. २०२४ च्या मे महिन्यात जिनिव्हात एका नव्या करारावर एकमत झालं: पेटंट मागणाऱ्याने वापरलेली जैविक सामग्री आणि ज्ञान कुठून आलं ते अर्जात सांगायचं. भारतात २००६ च्या वनहक्क कायद्यात जैवविविधतेशी जोडलेल्या परंपरागत ज्ञानावरचा सामूहिक हक्क नावानिशी लिहिलेला आहे. दावा करताना तो रकाना बहुतेक वेळा कोराच राहतो.

आधीच बाहेर गेलेलं असेल तर

वरचं सगळं नव्या नोंदींसाठी झालं. पण तुमच्या पणजोबांचा आवाज कदाचित कुठल्याशा विद्यापीठाच्या तळघरात टेपवर पडलेला असेल. जुन्या प्रबंधांच्या ऋणनिर्देशात गावांची नावं शोधा, संग्रहालयांच्या ऑनलाइन सूचीत समाजाचं नाव वेगवेगळ्या स्पेलिंगने घालून पाहा. जुन्या अधिकाऱ्यांनी ते कसंही लिहिलेलं असतं.

पत्रात पहिल्यांदाच ‘परत द्या’ म्हणू नका, बहुतेक संस्था घाबरून वकिलाकडे जातात. आधी यादी मागा. मग प्रत मागा. प्रत आली की ज्यांना ती ऐकायचा मान आहे त्यांना बसवून ऐका, कुणाचा आवाज, कुठलं गाणं, कुठल्या ऋतूतलं ते ठरवा आणि तिसऱ्या पत्रात संस्थेला चुकलेली नावं आणि लेबलं दुरुस्त करायला सांगा. त्यांच्या सूचीत ‘अज्ञात गायिका’ असेल तिथे नाव पडतं. जे कुणी ऐकायलाच नको होतं, ते बंद करा म्हणून सांगायचं पत्र चौथं. तोवर तिकडचा माणूस तुम्हाला ओळखायला लागलेला असतो, आणि त्या पत्राला उत्तर येण्याची शक्यता बरीच वाढलेली असते.